उतार, सांगड आणि टोपली
गोदाकाठच्या हलक्या नावांचा शोध

राक्षसभुवनच्या लढाईवर मी गेली कित्येक वर्षे बोलत आलो आहे. दर वेळी तेच सांगायचो. १० ऑगस्ट १७६३. गोदावरी दुथडी भरून वाहते आहे. निजामअली फौजेचा काही भाग घेऊन पैलतीरी उतरलेला आहे आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडच्या, म्हणजे दक्षिणेच्या काठावर अडकला आहे. अठरा वर्षांचे माधवराव आणि त्यांचे चुलते राघोबादादा त्याच्यावर तुटून पडतात. विठ्ठल सुंदर मारला जातो आणि निजामाला पैलतीरावरून हे नुसते पाहत राहावे लागते. इथे थोडे थांबायचे, म्हणजे टाळ्या पडत.

एकदा एका शाळेत व्याख्यान संपल्यावर मागच्या बाकावरचा मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, निजाम पलीकडं कशात बसून गेला?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. “नावेतून,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. पण कसली नाव? किती मोठी? अशा किती नावा होत्या? बीड जिल्हा म्हटले की दुष्काळ, टँकर आणि उसाच्या फडाकडे निघालेल्या गाड्या डोळ्यांसमोर येतात. नाव हा शब्द कोणाच्या मनात येत नाही. तरी या जिल्ह्याची उत्तर सीमा म्हणजे गोदावरीच आहे. गेवराई, माजलगाव, परळी या तालुक्यांची कितीतरी गावे तिच्या काठावर वसलेली आहेत. पांचाळेश्वरला महानुभावांचे आत्मतीर्थ ऐन पात्रात आहे. मंजरथला सिंदफणा गोदेला मिळते. पुरुषोत्तमपुरी हे नाव यादव राजा रामचंद्राच्या १३१०च्या ताम्रपटामुळे अभ्यासकांना माहीत आहे. या गावांची माणसे शेकडो वर्षे पैलतीराशी सोयरिकी करत आली. ती जात-येत होती कशातून?

शोधाला लागल्यावर आधी एक गोष्ट लक्षात आली. गंगेसारखी किंवा कोकणच्या खाड्यांसारखी आपली नदी प्रवासाची नाही. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी ग्रंथात पैठणचा माल भडोचला गाड्यांतून जातो असे म्हटले आहे. पैठण गोदेच्या काठावर असूनही माल नदीने जात नव्हता. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी वऱ्हाडचा कापूस गोदावरीच्या पाण्याने समुद्राकडे नेण्याचा घाट घातला, त्यावर बराच पैसा ओतला आणि शेवटी काम सोडून दिले. खडकाळ पात्र, उन्हाळ्यात गुडघाभर पाणी आणि पावसाळ्यात धावता लोंढा अशा नदीतून लांबचा प्रवास होत नाही. ती फक्त ओलांडायची असते, आणि तीही वर्षातले तीन-चार महिने. उरलेले दिवस माणसे उताराने पायी जातात. मराठीत नदी पार करण्याच्या जागेला ‘उतार’ म्हणतात, त्यात हा सगळा भूगोल आला.

त्यामुळे इथल्या नावेची गरजही वेगळी होती. आठ महिने घरात आढ्याला टांगून ठेवता यावी, एका माणसाने खांद्यावर किंवा डोक्यावर उचलून काठापर्यंत न्यावी, खडकावर आपटली तरी चालावी आणि मोडली तर गावातल्या गावात दुरुस्त व्हावी. गडचिरोली-भंडाऱ्याकडे एका खोडातून कोरलेला डोंगा चालतो, कारण तिथे तसे वृक्ष आहेत आणि पाणीही अधिक काळ टिकते. आमच्याकडे बाभळी आणि लिंब. त्यांतून डोंगा कोरायचा कोणी?

आमचे उत्तर होते सांगड. आज आपण ‘दोन गोष्टींची सांगड घालणे’ असे लिहितो आणि मूळ वस्तू विसरतो. मोल्सवर्थच्या कोशात या शब्दाखाली दोन नावा जोडून केलेले तरते साधन सापडते आणि पोहण्यासाठी एकमेकांना बांधलेले भोपळेही सापडतात. हा शब्द त्याहून कितीतरी जुना आहे. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायानदीचे प्रसिद्ध रूपक आहे. ती तरून जाण्याचे एकेक उपाय कसे फसतात हे सांगताना ज्ञानदेव वेदांच्या सांगडीचा उल्लेख करतात. सांगड वेदांची, पण तिच्याबरोबर अहंकाराचे धोंडेही घेतलेले. मग पोहणारा तळाशी जाणारच. १२९० साली, प्रवरेच्या काठी नेवाशात, ऐकणाऱ्यांना सांगड म्हणजे काय हे समजावून सांगावे लागले नसणार.

गेवराई तालुक्यात नदीकाठी राहणाऱ्या एका वृद्ध भोई गृहस्थांनी मला सांगडीचे शास्त्र समजावले. भोपळा कडू लागतो. गोडा भोपळा पातळ सालीचा, त्याला उंदीरही लागतात. कडूची साल जाड असते आणि त्याला कोणी तोंड लावत नाही. वेलावरच पूर्ण वाळू द्यायचा. मग बोटाने वाजवून पाहायचा. बद्द वाजला तर आत गर ओला आहे, टणक वाजला तर घ्यायचा. घेतल्यावर पाण्यात दाबून धरायचा. बुडबुडा आला तर कुठेतरी चीर आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे असेच जाड सालीचे भोपळे मिरजेला तंबोऱ्यासाठी जातात. तिथलेही कारागीर भोपळा वाजवूनच पारखतात. एकच फळ, एकाला सूर देते, दुसऱ्याला पैलतीर.

“बाबा, बसायचं कसं हिच्यावर?” मी विचारले.

ते हसले. “बसायचं न्हाई, सर. सांगडीवर बसला त्यो उलटला. छातीखाली घ्यायची, हात पुढं टाकायचे आन् पायानं पानी मारायचं. आन् समोरच्या देवळाकडं बघून सरळ जायाचं न्हाई. धार जिकडं नेती तिकडं थोडं थोडं जायाचं. म्हून वरच्या अंगाला लांब चालत जाऊन मग पान्यात उतरायचं.”

सांगडीवर एक माणूस तरतो, फार तर डोक्यावर बांधलेले कपडे आणि निरोपाची चिठ्ठी. फौज सांगडीवरून जात नाही. फौजेसाठी दुसरे साधन होते, ते म्हणजे कातडे मढवलेली बांबूची गोल टोपली. कर्नाटकात तिला हरिगोलु म्हणतात, तमिळनाडूत परिसल. विजयनगरला १५२०च्या सुमारास आलेला पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पाएस याने तुंगभद्रेवरच्या या टोपल्या पाहिल्या. आतून वेताच्या, बाहेरून कातड्याच्या, पंधरा-वीस माणसे नेणाऱ्या आणि वल्हवताना सतत गरगर फिरणाऱ्या. घोडे-बैलही त्यांतून नेता येत, पण बहुधा जनावरे पोहूनच जात, असे तो नोंदवतो. त्याच्याही दोन हजार वर्षे आधी हिरोडोटसने बाबिलोनकडच्या अशाच गोल नावांचे वर्णन केले आहे. नदीच्या ओघाबरोबर खाली यायचे, माल विकायचा, नावेचा सांगाडाही विकून टाकायचा आणि कातडी गाढवावर लादून पायी घरी परतायचे. नाव हलकी असणे म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात दुसरीकडे कुठे मी वाचलेले नाही.

या टोपल्यांची आपल्या भागातली स्पष्ट नोंद मला इंग्रजी कागदांत मिळाली. १८०३च्या ऑगस्टात अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर आर्थर वेलस्लीची फौज भर पावसाळ्यात गोदावरी उतरली. काठावरच्या रानातले बांबू-काटक्या तोडून सैनिकांनीच टोपल्या विणल्या आणि फौजेच्या खाण्यासाठी मारलेल्या बैलांच्या कातड्यांनी त्या मढवल्या. वेलस्लीने त्याआधीच अशा नावांची मापे लिहून कामाला लावली होती. व्यास दहा फूट, खोली सव्वादोन फूट, कातडे दुपदरी. पावसाळ्यात लढणे आपल्या फायद्याचे आहे, असे त्याचे मत होते. मराठ्यांचे घोडदळ भरल्या नद्यांपाशी अडेल, आपल्याजवळ मात्र नावा असतील, हा त्यामागचा हिशेब. महिन्याभराने, २३ सप्टेंबरला असईला त्याला नावेची गरज पडली नाही. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावे दिसली, तेव्हा मध्ये उतार असलाच पाहिजे असे त्याने ताडले आणि तो होता. गोदाकाठच्या कोणत्याही म्हातारीने त्याला हेच सांगितले असते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. १७६३ साली निजामाकडे किती नावा होत्या, याचा आकडा माझ्यापाशी नाही. पण हिशेब करता येतो. दहा फूट व्यासाची टोपली सरळ काठाची धरली तर दर इंच बुडण्याला ती सुमारे १८५ किलो भार पेलते. फूटभर बुडाली तर साधारण २,२०० किलो. काठ आत वळलेले असल्याने प्रत्यक्षात याहून कमी. हत्यारांसह पंचवीस माणसे धरू. पुराच्या धारेत जाऊन येऊन, खाली वाहत गेलेली टोपली पुन्हा वर ओढून आणण्यासह, एका खेपेला तास लागला तर दिवसाउजेडी बारा खेपा. म्हणजे एका टोपलीतून दिवसाला तीनशे माणसे. वीस टोपल्या असल्या तर सहा हजार. यात तोफा, दारूगोळा, तंबू, धान्य, बाजारबुणगे काहीच नाहीत, आणि घोडे पोहत गेले असे धरले आहे. मोठ्या फौजेला नदी उतरायला असे अनेक दिवस लागणार आणि त्या सगळ्या दिवसांत ती दोन काठांवर विभागलेलीच राहणार.

या हिशेबाने माझे व्याख्यान बदलले. निजामाने दिवाणाला संकटात टाकून पळ काढला, असे मी सुचवत आलो होतो. आता तसे म्हणवत नाही. भरल्या गोदेवर फौज दुभंगणे अटळ होते. कोणीतरी आधी जाणार, कोणीतरी मागे राहणार. जानोजी भोसले निजामाची बाजू सोडून निघून गेल्याने मागे राहिलेल्यांचे बळ आणखी घटले. मराठ्यांचे यश हे की ते नेमके त्या मोजक्या दिवसांत येऊन पोचले. शौर्य होतेच. राघोबादादा वेढले गेले असता माधवराव स्वतः धावून गेले, त्याला मी कमी लेखत नाही. पण लढाईचा दिवस नदीने आणि टोपल्यांच्या संख्येने ठरवला, असे माझे आता मत आहे. याच कोड्यावर वेलस्लीने चाळीस वर्षांनी नावांची मापे आधी लिहून तोड काढली.

नाव वाचून कळत नाही, म्हणून मी माजलगाव धरणाच्या पाण्यावर गेलो. सिंदफणेवरचे हे धरण झाल्यापासून आमच्या जिल्ह्याला बारमाही पाणी दिसू लागले आणि मासेमारीही वाढली. इथले मच्छीमार आज थर्माकोलच्या तराफ्यावर बसतात. जाड थर्माकोलचे तुकडे पोत्यात किंवा जाळीत घट्ट बांधलेले, दोन्ही हातांत लाकडी पाट्या, झाली नाव. एका हाताने उचलून ती काठावर आणता येते. मी मोठ्या उत्साहाने काठावरून एक पाय तराफ्यावर टाकला आणि दुसरा उचलला. तराफा पुढे सरकला, मी मागे चिखलात बसलो. तिथला तरुण मच्छीमार म्हणाला, “सर, उभ्यानं नका चढू. आधी वाका, दोन्ही हात तराफ्यावर ठेवा, मग मधोमध बसा. पाय शेवटी घ्या.” हलकी नाव पाण्यात खोल बसत नाही, म्हणून आपले वजन खाली आणि मध्ये ठेवणे हे चढणाऱ्याचे काम. उत्तर अमेरिकेतले मूलनिवासी भूर्जाच्या सालीची कनू दोन तळ्यांमधून खांद्यावर वाहून नेत. तीत चढतानाही हाच नियम. १९४५मध्ये विमाने बांधणाऱ्या ग्रमन कंपनीने अॅल्युमिनियमची कनू काढली, तीही दणकट आणि हलकी. जगभर माणसे एकच गोष्ट शोधत आली आहेत, वाहून नेता येईल आणि वाहून नेईल अशी नाव.

पण थर्माकोल आणि भोपळा यांत फरक आहे. भोपळ्याची पारख बापाकडून मुलाकडे येत असे. थर्माकोलचा तराफा म्हणजे हाताला लागेल ते बांधून केलेली तडजोड. उन्हाने तो भुगा होतो, कड निघते आणि बुडाखालची दोरी कुजलेली वरून दिसत नाही. जायकवाडीच्या फुगवट्यापलीकडच्या भिवधानोऱ्याची मुले थर्माकोलवर बसून शाळेला जातात, याची २०२३ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ती बातमी वाचताना मला मागच्या बाकावरचा तो मुलगा आठवला. कशात बसून गेला, हा प्रश्न त्याला पडला आणि मला पडला नाही, कारण त्याच्या वयाची मुले अजून तसे पाणी ओलांडत आहेत.

२००६चा ऑगस्ट आणि २०२५चा सप्टेंबर यांनी दाखवून दिले की मराठवाड्याला दुष्काळाबरोबर पूरही आहे. अशा वेळी बचाव पथकाच्या रबरी बोटी येतात, पण त्या येईपर्यंतचा वेळ गावाचा असतो. काठावरच्या प्रत्येक गावात दोन भक्कम हलक्या नावा आणि त्यांत चढायचे कसे हे माहीत असलेली चार माणसे असावीत, असे मला वाटते. इतिहासाच्या अभ्यासकाने सूचना करू नयेत म्हणतात, पण ही एक मी करतो.

ते भोई बाबा आता नाहीत. पुन्हा गेलो तेव्हा त्यांच्या सुनेने आढ्यावरून दोन भोपळे काढून दाखवले. धुराने काळे झालेले, सुंभाची जाळी जागोजाग तुटलेली. मी एक वाजवून पाहिला. अजून टणक वाजतो.

पुढच्या वेळी त्या शाळेत गेलो, की तो सोबत नेणार आहे.