पर्यटन व वारसाजतन : ठाणे–कल्याण परिसर

एखाद्या स्थळी येणाऱ्या प्रवाशाने व त्याला तेथे आणणाऱ्या संस्थेने त्या स्थळाच्या रक्षणाचा आणि तेथील रहिवाशांच्या निर्वाहाचा काही भार उचलावा, या व्यवहारास ‘जबाबदार पर्यटन’ ही संज्ञा रूढ झाली आहे. २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे या विषयावरील जाहीरनामा प्रसिद्ध झाला. भारतात केरळ राज्याने २००८ च्या सुमारास कुमरकोम येथे हा प्रयोग हाती घेतला; तेथील हॉटेलांनी भाजीपाला व इतर माल गावातील महिलागटांकडून घ्यावा, अशी व्यवस्था त्यात होती. संज्ञा अलीकडची असली, तरी तिच्यामागील व्यवहार उत्तर कोकणात फार जुना आहे. ठाणे व कल्याण या दोन प्राचीन बंदरांच्या परिसरात वाटसरू आणि स्थळ यांचे आर्थिक नाते कसे होते, ते केव्हा सुटले आणि आज ते कोठे पुन्हा जुळत आहे, याचा विचार येथे केला आहे.

कल्याण हे उल्हास नदीच्या खाडीवरील बंदर. पेरिप्लस या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. पूर्वी येथे परदेशी व्यापारास मोकळीक होती. पुढे मात्र येथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे त्यात म्हटले आहे. सहाव्या शतकातील कॉस्मस या प्रवाशालाही हे बंदर ज्ञात होते. येथून निघालेला माल आजच्या मुरबाड तालुक्यातून नाणेघाट चढून जुन्नरकडे जाई. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागणिका हिचा प्रसिद्ध लेख आहे आणि वाटेशेजारी एक भला मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे परंपरा सांगते.

या व्यापारी वर्दळीचा सर्वांत बोलका पुरावा बाजारपेठेत नसून कान्हेरीच्या डोंगरात आहे. प्राचीन काळी कृष्णगिरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या डोंगरात शंभराहून अधिक लेणी असून, तेथील कोरीव लेखांत कल्याण, सोपारा, चौल, नासिक इ. ठिकाणच्या दात्यांची नावे आढळतात. मोठे चैत्यगृह यज्ञ सातकर्णी याच्या काळात गजसेन व गजमित्र या व्यापारी बंधूंनी खोदविले. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लहान दाने अधिक महत्त्वाची आहेत. कल्याणच्या एका सोनाराने येथे पाण्याचे टाके दिले. कल्याणच्याच एका लोहाराने वाट बांधून दिली. पाणी आणि वाट या दोन्ही गोष्टी डोंगर चढून येणाऱ्याला प्रथम लागतात, आणि त्या ज्यांनी पुरविल्या ते राजे नव्हते, कारागीर होते. लेण्यांच्या इतिहासात राजवंशांची नावे आपण पाठ करतो. या सोनार-लोहारांकडे मात्र क्वचितच लक्ष जाते.

काही दात्यांनी केवळ वास्तू दिली नाही, तर तिच्या पुढील खर्चाचीही तरतूद केली. अशा ठेवीस ‘अक्षयनीवी’ म्हणत. मूळ रक्कम वा शेत कायम राखावयाचे आणि केवळ व्याज किंवा उत्पन्न खर्चावयाचे, हे तिचे तत्त्व. मंगलस्थान (आजचे बोरिवलीजवळील मागाठाणे) येथील शेत याच रीतीने कान्हेरीस जोडलेले होते. नासिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात या पद्धतीचा हिशेबच मिळतो. नहपान या क्षत्रप राजाच्या या जावयाने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व उरलेल्या एक हजारावर शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते. त्यातून भिक्षूंच्या चीवरांचा व इतर खर्च भागे. त्याच उषवदाताने सोपारा व अन्य ठिकाणी वाटसरूंसाठी निवारे बांधले आणि दमणगंगा, डहाणूची नदी इ. नद्यांवर उतारूंना फुकट नावा ठेवल्या. प्रवाशाची सोय, कारागिरांच्या हाती खेळते भांडवल आणि धर्मस्थळाची देखभाल या तीन गोष्टी एकाच व्यवहारात बांधलेल्या होत्या, हे त्याचे खरे वैशिष्ट्य होय.

ही प्रथा दीर्घकाळ टिकली. शके ७६५ (इ. स. ८४३) मधील कान्हेरीच्या एका लेखात पुल्लशक्ती या शिलाहार मांडलिकाच्या वृद्ध मंत्र्याने दिलेल्या द्रम्मांची विभागणी नोंदविली आहे : पूजेसाठी वीस, विहाराच्या दुरुस्तीसाठी तीन, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी पाच आणि पुस्तकांसाठी एक. शके ७७५ मधील दुसऱ्या लेखात दूरच्या गौड देशातून आलेल्या एका उपासकाने ध्यानासाठी दालने बांधविल्याचा व शंभर द्रम्मांची कायम ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे. हे दाते आजच्या अर्थाने पर्यटक नव्हते. पुण्यसंचय हा त्यांचा हेतू होता, हे विसरता कामा नये. तरीही तीन द्रम्म दुरुस्तीसाठी वेगळे काढून ठेवण्याची त्यांची दृष्टी आजच्या अनेक योजनांत दिसत नाही. आज उद्‌घाटनाला पैसा मिळतो, डागडुजीला मिळत नाही.

शिलाहारांच्या काळात स्थानक म्हणजे ठाणे हे राजधानीचे नगर झाले. अंबरनाथचे शिवमंदिर त्यांच्याच काळातील असून, त्यावरील लेखात शके ९८२ (इ. स. १०६०) हा काल दिला आहे. पुढे मुसलमानी, पोर्तुगीज, मराठी व इंग्रजी अंमलांत देणग्यांचे स्वरूप बदलत गेले. इनामे, वर्षासने, धर्मशाळा व तळी ही त्याची रूपे होती. पेशवाईत ठाण्याच्या कोपिनेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी केला, तो याच परंपरेत बसतो.

नात्यातील मोठा पालट रेल्वेने घडविला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर–ठाणे ही पहिली गाडी धावली. १८५४ मध्ये मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. पायी वा बैलगाडीने जाणारा वाटसरू वाटेतील प्रत्येक गावी पाणी, चारा, निवारा यांसाठी काही ना काही खर्च करी. आगगाडीतील उतारू भाडे कंपनीला देई व मधली गावे खिडकीतून पाही. टॉमस कुक याने १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये रेल्वेची पहिली सहल काढली होती. त्याच्या संस्थेची शाखा १८८१ मध्ये मुंबईत उघडली. येथपासून प्रवास ही तिकिटासह, मुक्कामासह एकत्र विकण्याची वस्तू झाली.

या पालटाचे फळ माथेरानच्या इतिहासात स्पष्ट दिसते. ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये हा डोंगर चढून तेथे वसाहतीस आरंभ केला. माथेरान आज रायगड जिल्ह्यात असले, तरी त्या वेळी हा भाग ठाणे जिल्ह्यात मोडे. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली नेरळ–माथेरान ही छोटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. डोंगराच्या अंगाखांद्यावर राहणारे ठाकूर, कातकरी व धनगर यांच्या वाट्यास या वसाहतीत बहुतांशी ओझी वाहण्याचे व मजुरीचे काम आले. मोटारींस बंदी असल्यामुळे माथेरानची झाडी टिकली, घोडेवाल्यांना व हातरिक्षा ओढणाऱ्यांना कामही मिळाले. पण ते काम कोणत्या प्रतीचे, हा प्रश्न दीर्घकाळ कोणी विचारला नाही. २००३ मध्ये हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. पुढे ई-रिक्षा आल्या, तेव्हा त्या मूळ हातरिक्षाचालकांनाच मिळाव्यात की हॉटेलवाल्यांनाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने मूळ चालकांच्या बाजूने कौल दिला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये माणसाने ओढावयाची रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. वारसा राखला गेला म्हणजे माणसेही राखली गेली असे होत नाही, हे माथेरानने दीडशे वर्षांत दाखविले आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्ये झाली. खाजगी मराठी प्रवाससंस्थांचा विस्तारही त्यानंतरच्या दोन-तीन दशकांतील आहे. केसरी टूर्स ही संस्था १९८४ मध्ये व वीणा वर्ल्ड २०१३ मध्ये निघाली. या संस्थांना ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील नोकरदार मध्यमवर्गाने मोठा आश्रय दिला. येथील कुटुंब काश्मीर, केरळ, युरोप पाहून येते. स्वतःच्या घरापासून लोकलने अर्ध्या तासावर असलेले अंबरनाथचे मंदिर मात्र अनेकांनी महाशिवरात्रीच्या गर्दीपलीकडे पाहिलेले नसते. प्रवाससंस्थांच्या मांडणीत हा परिसर ग्राहक पुरविणारा आहे, पाहण्याजोगा नाही.

अंबरनाथचे उदाहरण आणखी एका कारणाने विचारात घ्यावे लागते. मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामास बंदी असून त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगी लागते. ही अट योग्यच आहे. परंतु तिचा भार शेजारच्या रहिवाशांवर पडतो आणि मंदिरामुळे येणाऱ्या माणसांचा लाभ त्यांना फारसा होत नाही. मंदिराशेजारून वाहणारी वालधुनी नदी कारखान्यांच्या व वस्तीच्या सांडपाण्याने दूषित झाली आहे. ज्यांना स्मारकाचा त्रास तेवढा होतो व उपयोग काही होत नाही, त्यांच्याकडून त्याच्या रक्षणाची अपेक्षा करणे फोल होय.

स्मारकांच्या प्रवेशशुल्काचा पैसा केंद्र सरकारच्या तिजोरीत जातो. तो त्याच स्मारकावर वा शेजारच्या वस्तीवर खर्च होईलच असे नाही. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी १९९६ मध्ये राष्ट्रीय संस्कृती निधी स्थापन झाला. कान्हेरी येथे इंडियन ऑइल प्रतिष्ठानाच्या साहाय्याने उभारलेल्या प्रवासी-सुविधांचे उद्‌घाटन मे २०२२ मध्ये बुद्धपौर्णिमेस झाले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘अपनी धरोहर, अपनी पहचान’ या योजनेत खाजगी संस्थांना ‘स्मारकमित्र’ करून घेण्यात आले व पहिल्या निवडीत काही प्रवाससंस्थाही होत्या. त्यावर टीकाही झाली; स्मारकाची देखभाल म्हणजे जाहिरातीची जागा ठरू नये, हा त्यातील मुद्दा रास्त आहे. तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते या योजनेची खरी उणीव वेगळी आहे : करार कंपनी व शासन यांच्यात होतो, त्यात गाव हा पक्षच नसतो.

गाव हा पक्ष असला म्हणजे काय होते, हे सह्याद्रीच्या पलीकडील पुरुषवाडी (ता. अकोले, जि. अहिल्यानगर) येथे दिसते. काजव्यांसाठी प्रसिद्ध झालेल्या या आदिवासी गावात ग्रासरूट्स या प्रवाससंस्थेने ग्रामस्थांच्या समितीबरोबर काम उभे केले. पाहुणे गावातील घरांत पाळीपाळीने उतरतात, वाटाडे गावचेच असतात आणि उत्पन्नातील काही भाग गावाच्या सामाईक निधीत पडतो. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी हा महिलागट स्वतः नाव वल्हवून प्रवाशांना कांदळवन दाखवितो. दोन्ही ठिकाणी प्रवाशांची संख्या मोठी नाही. ती मोठी नसणे हाच यशाचा एक भाग आहे.

ठाणे जिल्ह्यात याच्या उलट चित्र अधिक आढळते. शहापूर व मुरबाड तालुक्यांत पावसाळ्यातील शनिवार-रविवारी धबधब्यांवर एवढी झुंबड उडते, की अपघात टाळण्यासाठी प्रशासनास मनाईहुकूम काढावे लागतात. पर्यटक बरोबर आणलेले खातात व प्लास्टिक मागे टाकतात. गावाला मिळतो तो कचरा. भातसा, तानसा यांसारखी धरणे ज्या शहापुरात आहेत, तेथील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरचे पाणी प्यावे लागते. अशा ठिकाणी पोहण्याचे तलाव असलेली विश्रामस्थाने वाढणे ही साधी बाब नव्हे. ठाण्यालगतच्या येऊरमध्येही वारली पाड्यांच्या शेजारी रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या मेजवान्यांविरुद्ध रहिवासी वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक लाभला. जिव्या सोमा मशे यांना त्यापूर्वीच, २०११ मध्ये, पद्मश्री मिळाली होती. हॉटेलांच्या भिंतीवर वारली चित्रे सर्रास दिसतात, पण ती काढणारा हात वारल्याचा असतोच असे नाही.

या परिसरात प्रवाससंस्थांना करता येण्याजोगे काम अवघड नाही. आठवड्यातील मधल्या वारी लहान गट आणणे. वाटाड्या व जेवण गावातूनच घेणे आणि त्याचा दर गावाने ठरविणे. चित्रे, मासळी, तांदूळ थेट उत्पादकाकडून विकत घेणे. आणि प्रत्येक तिकिटातील ठराविक रक्कम ग्रामसभेच्या वा स्थानिक विश्वस्त मंडळाच्या नावे ठेव म्हणून जमा करून तिचे व्याज डागडुजीस वापरणे. शेवटची कल्पना अक्षयनीवीचीच आहे. तिला अडचण आहे ती हिशेबाची : प्राचीन श्रेणीप्रमाणे पिढ्यानपिढ्या ठेव सांभाळणारी व जाब देणारी संस्था आज गावोगाव नाही. सहकारी पतसंस्था बुडाल्याचे अनुभव ताजे असल्याने ग्रामस्थ बिचकतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. ठेव राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवणे व तिचा जमाखर्च दरवर्षी ग्रामसभेपुढे वाचणे, एवढे बंधन कंपनीने स्वतःवर घालून घेतले, तरी आरंभ होऊ शकतो.

ठाणे खाडी हे या दृष्टीने सध्याचे कसोटीचे स्थळ म्हणावे लागेल. २०१५ मध्ये खाडीचा सु. १७ चौ. किमी. भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. वनविभागाच्या कांदळवन कक्षामार्फत ऐरोली येथील केंद्रातून नौकाफेऱ्या होतात. पक्षी पाहण्यास येणाऱ्यांची संख्या वाढत आहे, तर त्याच पाण्यावर ज्यांची उपजीविका होती त्या कोळ्यांची मासळी प्रदूषण व भरावांमुळे घटत गेली आहे. खाडीच्या वाटा, भरती-ओहोटीच्या वेळा आणि कोणत्या चिखलात नाव रुतते याची माहिती या कोळ्यांनाच सर्वांत चांगली आहे.