डेरोझिओ आणि अकॅडेमिक असोसिएशन : वक्तृत्वातून विचारशिक्षणाचा एक ऐतिहासिक प्रयोग

प्रस्तावना

महाविद्यालयीन जीवनात वक्तृत्वाचे स्थान बहुधा स्पर्धा आणि पारितोषिके यांपुरते मर्यादित राहते. पाठ केलेले भाषण, नेमून दिलेली वेळ आणि परीक्षकांचा निकाल या चौकटीत वक्त्याला प्रश्न विचारला जाण्याचा प्रसंग क्वचितच येतो. वस्तुतः भाषणकलेचा चिकित्सक विचाराशी असलेला संबंध त्या प्रश्नातूनच निर्माण होतो. एकोणिसाव्या शतकातील कलकत्त्याच्या अकॅडेमिक असोसिएशनचा विचार प्रस्तुत लेखात या दृष्टीने केला आहे.

सभेचे स्वरूप

कलकत्त्याचे हिंदू कॉलेज १८१७ मध्ये सुरू झाले. हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ (१८०९–१८३१) तेथे १८२६ मध्ये अध्यापक म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांनी वयाची अठरा वर्षेही पूर्ण केली नव्हती. वर्गातील तासांना विषयाचे व वेळेचे बंधन होते. विद्यार्थ्यांना मोकळेपणाने बोलता यावे म्हणून १८२८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ही सभा स्थापन झाली. माणिकतळा येथील एका उद्यानगृहात तिच्या बैठका भरत. नियती आणि मानवी इच्छास्वातंत्र्य, सत्याचे पावित्र्य, देशप्रेम, मूर्तिपूजा, ईश्वराच्या अस्तित्वाच्या बाजूचे व विरोधातील युक्तिवाद असे तेथील विषय होते. डेव्हिड हेअर यांच्यासारखे शिक्षणप्रेमी श्रोत्यांत उपस्थित असत. कृष्णमोहन बॅनर्जी, रामगोपाल घोष, रसिककृष्ण मल्लिक, दक्षिणारंजन मुखर्जी हे डेरोझिओंच्या प्रभावाखाली घडलेले तरुण पुढे बंगालच्या सार्वजनिक जीवनात अग्रभागी आले.

पद्धतीवरील आक्षेप

या मोकळ्या चर्चेमुळे पालकवर्गात अस्वस्थता पसरली. काही विद्यार्थ्यांनी रूढींचा उघड उपहास आरंभला, त्यामुळे ती अधिकच वाढली. एप्रिल १८३१ मध्ये कॉलेजच्या व्यवस्थापकांपुढे डेरोझिओंचा प्रश्न आला. तरुणांचे शिक्षण सोपविण्यास ते अपात्र आहेत, असे बहुमताने ठरले नाही. तथापि लोकभावना लक्षात घेऊन त्यांना दूर करणे इष्ट मानले गेले. आपली बाजू मांडण्याची संधी न मिळाल्याची तक्रार नोंदवून डेरोझिओंनी राजीनामा दिला.

त्यानंतर होरेस हेमन विल्सन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्यावरील आरोपांना उत्तर दिले. ईश्वरविषयक प्रश्नावर डेव्हिड ह्यूम यांचे संशयवादी युक्तिवाद विद्यार्थ्यांपुढे ठेवल्याचे त्यांनी नाकारले नाही. त्याच वेळी थॉमस रीड आणि डुगाल्ड स्ट्युअर्ट यांनी दिलेली उत्तरेही आपण शिकविली, हे त्यांनी निदर्शनास आणले. एकच बाजू ऐकवून विद्यार्थ्याचे मत घडविणे त्यांना शिक्षणाच्या हेतूशी विसंगत वाटत होते. त्यांच्या अध्यापनपद्धतीचे मर्म येथे स्पष्ट होते : ज्याचे खंडन करावयाचे, ते मत आधी पूर्ण सामर्थ्यानिशी मांडता आले पाहिजे. त्याच वर्षी २६ डिसेंबरला, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

प्रयोगाचा परिणाम

अध्यापक गेला तरी त्याने लावलेली सवय टिकली काय, याचे उत्तर १८४३ मधील एका प्रसंगात मिळते. डेरोझिओंच्या शिष्यांच्या पुढाकाराने १८३८ मध्ये सामान्य ज्ञानार्जनासाठी एक सभा स्थापन झाली होती. तिच्या ८ फेब्रुवारी १८४३ च्या बैठकीत दक्षिणारंजन मुखर्जी यांनी ईस्ट इंडिया कंपनीची फौजदारी न्यायव्यवस्था व पोलीस यांच्या स्थितीवर निबंध वाचला. ही बैठक हिंदू कॉलेजच्या सभागृहात होती. कॉलेजचे प्राचार्य कॅप्टन रिचर्डसन यांनी हे राजद्रोही भाषण असल्याचा आक्षेप घेऊन वाचन मध्येच थांबविले. अध्यक्षस्थानी ताराचंद चक्रवर्ती होते. रिचर्डसन येथे केवळ पाहुणे आहेत, त्यांना वक्त्यास अडविण्याचा अधिकार नाही, असे त्यांनी बजावले व शब्द मागे घेण्याची मागणी केली. सत्तेच्या प्रतिनिधीलाही सभेचे नियम लागू आहेत, ही जाणीव केवळ उत्तम उच्चार व पाठांतर यांतून येत नाही.

मर्यादा

या प्रयोगाचे मूल्यमापन करताना त्याच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. हिंदू कॉलेजचे दार सर्व समाजघटकांना खुले नव्हते आणि स्त्रिया या वर्तुळाबाहेरच होत्या. चर्चेचे माध्यम प्रामुख्याने इंग्रजी असल्याने बहुजनांशी संवाद घडला नाही. रूढीला धक्का देण्याच्या उत्साहात काही तरुणांचा संयम सुटला, आणि त्याची किंमत अध्यापकाला मोजावी लागली.

निष्कर्ष

अकॅडेमिक असोसिएशनच्या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. वक्तृत्व विचारशिक्षणाचे साधन व्हावयाचे असेल, तर विषयाच्या दोन्ही बाजू अभ्यासल्या गेल्या पाहिजेत, भाषणानंतर प्रतिवादाला स्थान असले पाहिजे आणि वक्त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेण्याचा नियम सर्वांना बंधनकारक असला पाहिजे. यासाठी मोठ्या निधीची वा स्वतंत्र अभ्यासक्रमाची गरज नाही. विद्यार्थ्याने आपल्याशी मतभेद व्यक्त केला असता तो शांतपणे ऐकून घेणारा अध्यापक मात्र आवश्यक आहे. संस्थेनेही अशा अध्यापकाच्या पाठीशी उभे राहावे लागते. हिंदू कॉलेजचे व्यवस्थापक १८३१ मध्ये नेमके येथेच कमी पडले.