पोर्तुगीज भाषाज्ञान, गोव्यातील विद्यार्थ्यांचे

गोव्यात उच्चशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे पोर्तुगीज भाषेवरील प्रभुत्व व त्यात कालौघात झालेले बदल.

पणजीत १८४२ मध्ये वैद्यकीय विद्यालय आणि १८५४ मध्ये लिसेव (शासकीय माध्यमिक विद्यालय) स्थापन झाल्यावर पोर्तुगीज ही उच्चशिक्षणाची माध्यमभाषा ठरली व विद्यार्थी तिच्यातूनच इतर विषय शिकू लागले. पेडणे व डिचोली हे तालुके मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आले (→ नव्या काबिजादी). तेथे मराठी शिक्षणाची परंपरा टिकून राहिल्याने पोर्तुगीजचे ज्ञान मुख्यतः शासनव्यवहाराशी संबंधित कुटुंबांपुरते मर्यादित राहिले. त्यामुळे १९६१ मध्ये गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाल्यानंतर पोर्तुगीज भाषाज्ञानाचा झालेला ऱ्हास सर्व गोव्यात सारखा मानणे योग्य नाही.

मुक्तीनंतर इंग्रजी माध्यमभाषा झाली, तर पोर्तुगीज ऐच्छिक परकीय भाषा उरली. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या गोवा विद्यापीठात (→ गोवा विद्यापीठ) तिचे स्वतंत्र अध्यापन होते. आता बहुतेक विद्यार्थी ती प्रौढ वयात मुळाक्षरांपासून शिकतात. जुने दस्तऐवज, जमिनीच्या नोंदी व १८६७ च्या नागरी संहितेचा मूळ पाठ (→ समान नागरी कायदा) वाचण्यासाठी हे ज्ञान आजही अत्यावश्यक आहे.