बसची पहिली पायरी

बसगाडी सर्वांची, असे आपण म्हणतो. पण तिची पहिली पायरीच ज्याला चढता येत नाही त्याने काय करावे? अमेरिकेतील डेन्व्हर शहरच्या अपंगांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतःच मिळविले. ती हकिकत भगिनींनी जाणून घेण्याजोगी आहे.

त्यांतील कित्येक जण ऐन तारुण्यात शुश्रूषागृहात दिवस कंठीत होते. पाद्री वेड ब्लँक यांच्या साहाय्याने ते बाहेर पडले व त्यांनी आपली बिऱ्हाडे थाटली. घर मिळाले, पण बाजार व कामधंदा दूरच राहिला, कारण चाकांची खुर्ची बसमध्ये चढेना.

अखेर ५ जुलै १९७८ रोजी कोलफॅक्स व ब्रॉडवे या हमरस्त्यांच्या चौकात एकोणीस जणांनी बसगाड्या अडविल्या. काही तर खुर्चीतून उतरून रस्त्यावर आडवे झाले. रात्रही त्यांनी तेथेच काढली. कालांतराने खुर्ची उचलून घेणाऱ्या गाड्या शहरात धावू लागल्या.

१९८३ मध्ये डेन्व्हरमध्येच ‘अडॅप्ट’ ही संघटना उभी राहिली आणि चळवळ गावोगाव गेली. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनला अनेक अपंग खुर्च्या सोडून संसदभवनाच्या पायऱ्या सरपटत चढले. त्याच वर्षी २६ जुलैला अपंगांच्या हक्कांच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली.

त्यांनी दया मागितली नाही. शेजाऱ्याच्याच गाडीतून जाण्याची सोय मागितली. आपल्याकडेही २०१६ चा कायदा आहे. तो आपल्या थांब्यापर्यंत पोहोचविणे मात्र आपणा शेजाऱ्यांचे काम आहे.