अडीच फुटांची आगगाडी

मंडळी, फिरता पूल कसा असतो हे तुमच्यापैकी काहींनी पुस्तकात वाचले असेल. पाण्याच्या मधोमध एक भक्कम खांब आणि त्या खांबावर तोललेला आगगाडीचा पूल. गलबत आले की पूल हळूहळू फिरून बाजूला होतो. गलबत गेले की पुन्हा जागेवर येतो. आगगाडी तोवर थांबून राहते. आपल्या देशात रामेश्वरच्या वाटेवर १९१४ साली सुरू झालेला पांबनचा पूल याच जातीचा. तो फिरत नसे, मधोमध दुभंगून वर उचलला जाई. डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरून गाड्या जाणे थांबले आणि २०२५ साली शेजारचा नवा पूल सुरू झाला.

आमच्या गोंदियाकडे असल्या पुलाचे काम कधी पडले नाही. वैनगंगेत आणि बाघ नदीत चालतो तो डोंगा. त्याला पूल हलवायचे कारणच काय? पण वाटेत थांबण्याची गोष्ट आपल्याकडेही घडली. तिकडे जहाजासाठी पूल हलत असे. इकडे पूल जागच्या जागी, आणि एकेक पोते एका डब्यातून दुसऱ्या डब्यात हलत असे. शंभर वर्षे हे चालले. कशापायी? रुळांच्या रुंदीतल्या तीन फुटांच्या फरकापायी!

हा फरक आला कुठून ते पाहू. १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत नागपूरहून राजनांदगावपर्यंत मीटरगेजची आगगाडी सुरू झाली. पुढे १८८७ साली बंगाल–नागपूर रेल्वे कंपनी निघाली. तिला थेट बंगालपर्यंत जायचे होते. मध्येच रुळांची रुंदी बदलली, तर माल उतरवा, पुन्हा चढवा, ही कटकट आलीच. म्हणून कंपनीने जुनी लाईन विकत घेतली आणि ती साडेपाच फुटांची, म्हणजे मोठी लाईन केली. १८९१ साली नागपूर ते आसनसोल हा मार्ग पुरा झाला. गोंदिया या मोठ्या लाईनवर आले.

आता तुम्ही म्हणाल, एकदा धडा मिळाल्यावर कंपनी पुन्हा लहान रूळ कशाला टाकील? पण तिने टाकले! गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करीत जबलपूरला जाणारी लाईन १९०३ ते १९०५ या काळात सुरू झाली, ती फक्त अडीच फुटांची. सुमारे २३० किलोमीटरची ही वाट. लोक तिला 'छोटी लाईन' म्हणत.

यामागे हिशेब होता. पुढे सातपुड्याचे डोंगर. अरुंद गाडी आखूड वळण घेऊ शकते, म्हणून डोंगर फोडण्यापेक्षा त्याला वळसा घालता येतो. रूळ हलके, भराव अरुंद, पूल लहान. मुलूख जंगलाचा, वस्ती विरळ; मोठ्या लाईनचा खर्च निघेल याची खात्री नव्हती. थोडक्यात, छोटी लाईन किंवा काहीच नाही, असा तो सवाल होता.

लाईन झाली आणि जंगलातून लाकूड, बांबू, तेंदूपत्ता गोंदियाला येऊ लागला. बालाघाटकडचे मँगनीजही येऊ लागले. पण गोंदियाला आल्यावर छोट्या डब्यातला माल मोठ्या डब्यात भरावाच लागे. वेळ जाई, मजुरी लागे, पोती फाटत, पावसाळ्यात धान्य भिजण्याची भीती असे. बांधताना वाचवलेला पैसा असा पुढे थोडाथोडा देत राहावा लागला. मात्र दुसरी बाजूही आहे. त्याच चढउतारीवर कितीतरी हमालांच्या घरची चूल पेटली आणि गोंदियाची बाजारपेठ वाढली. एकाची अडचण ती दुसऱ्याची भाकरी!

देशभर एकच रुंदी करायचे धोरण १९९२ साली ठरले. २००५ च्या सुमारास गोंदिया–बालाघाट लाईन मोठी झाली. १ ऑक्टोबर २०१५ पासून जबलपूरकडची छोटी गाडी बंद पडली आणि २०२१ पर्यंत सगळा मार्ग रुंद झाला. आता डबा न बदलता माल दूरवर जातो. हे चांगलेच झाले. पण हळू चालणारी, गावागावाला थांबणारी ती गाडी गेली, आणि तिच्याबरोबर तिची माहिती असणारी माणसेही जाऊ लागली आहेत.

गुरुजींना माझी एक विनंती आहे. शाळेच्या अंगणात चुन्याने दोन रेघा ओढा, ७६ सेंटिमीटर अंतरावर. शेजारी आणखी दोन ओढा, १६८ सेंटिमीटर अंतरावर. मुलांना पहिल्या रेघांतून दुसऱ्या रेघांत विटा न्यायला सांगा. शंभर विटा नेल्या की रुळांची रुंदी म्हणजे काय, हे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही. मग गावात कुणी म्हातारा हमाल किंवा गँगमन असेल, त्याला शाळेत बोलवा. तो सांगेल ते वहीत उतरवून घ्या. वाटेत जुन्या लाईनची एखादी मोरी किंवा पुलाचा दगडी खांब दिसला, तर त्याचे दगड घराच्या पायाला नेऊ नका. नागपूरला मोतीबागेत २००२ सालापासून छोट्या लाईनचे संग्रहालय आहे, तेही मुलांना दाखवा. इंजिन तिथे सांभाळले जाईल. माणसांच्या आठवणी मात्र आपल्याला गावातच सांभाळाव्या लागतील.