सुताचा नंबर आणि तारेचे गेज : भिवंडीच्या संदर्भात एक टिपण

भिवंडीच्या सूतबाजारात ‘चाळीस नंबर’ म्हणजे ‘वीस नंबरा’पेक्षा तलम सूत, हे तेथे नव्याने आलेल्या कामगारासही चार दिवसांत कळते. त्याच गावातील एखादा हौशी विद्यार्थी छोटेसे इलेक्ट्रॉनिक उपकरण जुळवू लागला, तर चाळीस गेजची तार वीस गेजच्या तारेहून बारीक असल्याचे त्यालाही आढळते. आणि या दोन्ही मोजण्या एकाच जातीच्या असाव्यात असा त्याचा साहजिकच ग्रह होतो. हा ग्रह कितपत खरा आहे हे पाहण्यासाठी दोहोंचा इतिहास थोडक्यात तपासला पाहिजे.

सुताची गोष्ट सरळ आहे. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी भिवंडीत हातमाग रुजविला आणि पुढे त्याची जागा यंत्रमागाने घेतली. परंतु गिरणीच्या सुताचे माप इंग्रजीच राहिले. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील, तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे चाळीस नंबरी सुताचे तेवढ्याच लांबीचे वजन वीस नंबरीच्या बरोबर निम्मे. आकडा उलटा खरा, पण त्यात गणित आहे.

तारेच्या गेजमागे असे गणित मुळात नव्हते. पोलादी पट्टीतील उत्तरोत्तर लहान छिद्रांतून तार ओढीत नेत, आणि जितक्या वेळा ती ओढली जाई तितका तिचा क्रमांक चढे. क्रमांक हा कारागिराच्या श्रमाची नोंद होता, जाडीचे माप नव्हे. साहजिकच कारखान्यागणिक पट्ट्या वेगळ्या आणि एकाच क्रमांकाच्या जाड्याही वेगळ्या. अमेरिकेत ब्राऊन अँड शार्प यांनी १८५७ मध्ये भूमितिश्रेढीवर आधारलेली मालिका काढली. तीत प्रत्येक पायरीला व्यास सुमारे १.१२३ पटीने घटतो. ब्रिटनने १८८४ पासून आपले स्वतंत्र प्रमाण कायदेशीर केले, ते मात्र जुन्या रूढ जाड्यांच्या जवळ राहण्याच्या धोरणाने. म्हणून त्यातील पायऱ्या समान नाहीत. ही तडजोड व्यापाऱ्यांच्या सोयीची होती, शास्त्राच्या नव्हे.

ब्रिटिश मालिकेत वीस गेजचा व्यास ०.९१४ मिलिमीटर, तर चाळीसचा ०.१२२. सुताच्या न्यायाने छेद निम्मा व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात तो सुमारे ५६ पटींनी घटतो. तसाच विद्युत्‌रोधही वाढतो.

आपल्याकडे गुंडाळ्यांची एनॅमल तार अद्याप ब्रिटिश गेजनेच मागितली जाते, आणि तीही सुताप्रमाणे वजनावर. उलट, हौशी मंडळी ज्या आराखड्यांवरून काम करतात, त्यांतील बरेचसे अमेरिकन गेज गृहीत धरतात. बावीस गेज म्हटल्यास ब्रिटिश तार ०.७११ मिलिमीटर आणि अमेरिकन ०.६४४, छेदाच्या हिशेबात दुसरी सुमारे अठरा टक्क्यांनी कमी. वीस गेजला घोटाळा निराळा होतो : अमेरिकन तार (०.८१२) ब्रेडबोर्डाच्या छिद्रात जेमतेम बसते, ब्रिटिश तार दडपून घातल्यास आतील स्प्रिंग कायमची सैल पडते.

पातळ तारेचा दोष मात्र डोळ्यांस दिसत नाही. पाच व्होल्टांवर दोन अँपियर घेणारी मोटर एक मीटर अंतरावर असेल, तर जाण्यायेण्याची तार दोन मीटर होते. ही तार ब्रिटिश अठ्ठावीस गेजची (०.३७६ मिलिमीटर) असल्यास तिच्यातच सुमारे ०.६ व्होल्ट खर्ची पडतात आणि तार तापते. बावीस गेजची असल्यास सुमारे ०.१७. एखादा छोटा दिवा लावावयाचा असेल तर दोन्ही तारा सारख्याच चालतील, कारण त्याला लागणारा प्रवाह थोड्या मिलिअँपियरांचाच असतो.

१९५६ च्या वजने-मापे कायद्यानंतर घरगुती तारा हळूहळू चौरस मिलिमीटरांत आल्या, तरी जुने वायरमन अजून ‘तीन-बावीस’ म्हणतात; म्हणजे बावीस गेजच्या तीन तारांचा पीळ. भिवंडीतही कृत्रिम धाग्याबरोबर डेनिअर आले. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनिअर. येथे आकडा वाढला की धागा जाड. चौरस मिलिमीटरही असाच सरळ आकडा आहे. एकाच गोदामात उलटा नंबर आणि सुलटा डेनिअर दोन्ही सांभाळणाऱ्या माणसास तारेच्या दुकानातील हा दुहेरी व्यवहार नवा वाटू नये.

दुकानातील चिठ्ठीवर कोणते गेज ते लिहिलेले नसल्यास उघडी तार पेन्सिलीवर वीस वेढे चिकटून गुंडाळावी व रुंदी मोजावी. साडेबारा ते तेरा मिलिमीटर भरली तर अमेरिकन बावीस, चौदाच्या किंचित वर गेली तर ब्रिटिश.