निश्चय करणाऱ्या यंत्राची कुळकथा

सॉफ्टवेअर एजंट एक काम संपवून स्वतःहून दुसरे हाती घेतो, किंवा चालू काम अर्ध्यावर सोडतो. ही निवड करण्याची रीत शोधत मागे गेले, की गाठ पडते तत्त्वज्ञानाच्या एका प्राध्यापकाशी.

सुरुवात मात्र यंत्रमानवापासून झाली. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत 1966 ते 1972 या काळात ‘शेकी’ घडला. त्याच्यासाठी रिचर्ड फाइक्स आणि निल्स निल्सन यांनी 1971 साली ‘स्ट्रिप्स’ ही योजना आखणारी प्रणाली मांडली. आहे ती स्थिती आणि हवी ती स्थिती यांतला फरक पाहायचा, तो मिटवणारी कृती शोधायची, आणि त्या कृतीसाठी आधी जे लागेल तेच पुढचे उद्दिष्ट मानायचे. योजना आखून होईपर्यंत जग जागचे हलणार नाही, हे यात गृहीत होते. शेकीच्या नीटनेटक्या खोल्यांत ते निभावले. बाहेर निभावणे शक्य नव्हते.

सुरुवातीला म्हटलेले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठातले मायकेल ब्रॅटमन. त्यांचा हेतू आणि योजना यांवरचा ग्रंथ 1987 साली आला. त्यांचा प्रश्न माणसाबद्दलचा होता: इच्छा असताना वेगळा निश्चय कशाला लागतो? त्यांचे उत्तर मला फार मोलाचे वाटते. विचाराला वेळ आणि बुद्धी दोन्ही मोजकी असतात. एकदा ठरवले की त्याच्याशी न जुळणारे पर्याय तपासायचेच नाहीत. निश्चय विचाराचे ओझे कमी करतो. त्याच वर्षी, त्याच मेन्लो पार्कमध्ये, मायकेल जॉर्जेफ आणि एमी लॅन्स्की यांनी समजुती, इच्छा आणि निश्चय यांची वेगवेगळी नोंद ठेवणारी प्रणाली मांडली. अवकाशयानाच्या छोट्या इंजिनांतले बिघाड हाताळण्याच्या कामावर ती तपासली गेली.

पण निश्चयाला किती चिकटायचे? 1991 साली डेव्हिड किनी आणि जॉर्जेफ यांनी हे मोजूनच पाहिले. संगणकातल्या चौकटींच्या पटावर खड्डे उगवत आणि नाहीसे होत. एजंटाने वेळेत तिथे पोचून गुण मिळवायचे. काही एजंट योजना पुरी होईपर्यंत फेरविचार करत नसत, काही प्रत्येक पावलाला करत. पट सावकाश बदलत असताना हट्टी एजंट सरस ठरले. सतत थांबून विचार करणाऱ्यांचा वेळ वाया गेला. बदलाचा वेग वाढला तशी बाजू उलटली. हट्टी एजंटाला ‘लक्ष्य नाहीसे झाले’ एवढे कळण्याची सोय दिली, तरी त्याची कामगिरी सुधारली.

पुढे जॉर्जेफ-लॅन्स्की यांच्या प्रणालीच्या घराण्यातलीच एक प्रणाली सिडनी विमानतळावर उतरणाऱ्या विमानांचा क्रम लावण्यासाठी वापरून पाहिली गेली. प्रत्येक विमानासाठी एक एजंट होता.

आजचे भाषा-प्रारूपांवर चालणारे एजंट कामांची यादी करतात, एक पाऊल टाकतात, निकाल वाचतात आणि यादी बदलतात. यादीला हात कधी लावायचा, हे बनवणारे बहुधा अंदाजाने ठरवतात. माझ्या मते त्यांनी आधी किनी-जॉर्जेफ यांच्यासारखी मोजणी करावी: आपल्या एजंटाचे जग किती वेगाने बदलते, आणि एका फेरविचाराला किती वेळ लागतो.